फडक्यांची नायिका रायपुरात

(रायपूर येथील मराठी वाचकांसमोर दिलेले व्याख्यान)



या शहरात उभे राहून अनुवादाविषयी बोलायचे, तर आरंभी माधवराव सप्रे यांना नमस्कार करणे प्राप्त आहे. मातृभाषा मराठी असलेल्या या गृहस्थांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, समर्थांचा दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत नेले. सप्रे शाळेवरून रोज जाणाऱ्या-येणाऱ्या अनुवादकाने आपली परंपरा दासबोधापासून सांगावी, अशी लोकांची अपेक्षा असते. मीही आजवर ती तशीच सांगत आले. परंतु आज संयोजकांनी ‘मोकळेपणाने बोला’ असे बजावले आहे, म्हणून खरे ते सांगते. माझ्या अनुवादाचा आरंभ दासबोधात झाला नाही. तो टेनिसच्या मैदानावर झाला. आणि ते मैदान ना. सी. फडके यांच्या कादंबरीतले होते.

माझे शालेय शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी बोलली जाई, पण ती कशी, हे आपणांस वेगळे सांगायला नको. ‘करून राहिले’, ‘येऊन राहिले’ हे नागपुरी वळण, त्यावर हिंदीचा मुलामा. ‘बाहेर पाणी गिरून राहिले आहे’ हे वाक्य मी बाराव्या वर्षापर्यंत शुद्ध मराठी म्हणून बोलत असे. आजीच्या लोखंडी पेटीत नऊवारी लुगड्यांच्या तळाशी काही पुस्तके होती, आणि ती तळाशी होती यावरूनच ती वाचण्याजोगी असली पाहिजेत, हे मी ताडले होते. उन्हाळ्याच्या सुटीत, कूलरच्या खसाच्या ओल्या वासात, मी त्यांतले पहिले पुस्तक उघडले. त्यात पाणी गिरत नव्हते. तेथे पाऊस कोसळत होता, सरी येत होत्या, झड लागली होती, आणि मग आभाळ निवळत होते. एका पावसाला एवढी क्रियापदे असतात, हे मला त्या दुपारी समजले. त्या पावसात एक तरुण आणि एक तरुणी एका बंगल्याच्या ओसरीवर अडकून पडली होती, हेही अर्थात समजले.

फडक्यांचा पाऊस हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. आमच्या छत्तीसगडात पाऊस धानासाठी पडतो. आषाढात आला नाही तर शेतकरी आभाळाकडे पाहतो, आणि श्रावणात फार आला तर बांधाकडे. फडक्यांच्या कादंबरीत पावसाला शेतीशी काही कर्तव्य नाही. नायक आणि नायिका यांना एका छपराखाली आणणे, एवढीच त्याची नेमणूक. आणि त्या कामी तो कधी उशीर करीत नाही. मोटारीचेही तसेच. ती कोठेही बंद पडत नाही. नायिका ज्या वळणावर उभी असेल त्याच वळणावर बंद पडते. आणि दुरुस्त कधी होते? नायकाला नायिकेचे नाव, तिच्या वडिलांचा हुद्दा आणि तिची संगीतातील रुची कळून चुकल्यावर.

नायक हा बुद्धिमान असतो. तो एम.ए. झालेला असतो किंवा होण्याच्या बेतात असतो, परंतु त्याला अभ्यास करताना कोणी पाहिलेले नसते. त्याच्या हाती टेनिसची रॅकेट असते. त्याच्या वडिलांपाशी पैसा असतो, किंवा नसलाच तर तो अशा रीतीने नसतो की त्यामुळे कपड्यांना इस्त्री चुकू नये. नायिकेच्या साडीचा रंग लेखक कधी विसरत नाही. माझ्या आजीला स्वतःच्या लग्नातल्या शालूचा रंग इतका नेमका आठवत नसे. चहाचा ट्रे घेऊन गडी येतो. या गड्याला बहुधा नाव नसते, घर नसते, आजार नसतो. त्याला फक्त ट्रे असतो. तो निघून गेल्यावर चहा ओतताना बोटांना बोटे लागतात, थोडा चहा बशीत सांडतो आणि प्रकरण संपते. मध्यावर एक पत्र चुकीच्या हाती पडते. ज्या जोडप्याने दोन मिनिटे समोरासमोर बसून बोलले असते तर सारा गैरसमज मिटला असता, ते जोडपे शंभर पाने एकमेकांशी बोलत नाही. आणि शेवटी? शेवट आपणां सर्वांस ठाऊक आहे.

फडक्यांनी सत्तरांच्या घरात कादंबऱ्या लिहिल्या. ‘जादूगार’ १९२८ ची, ‘दौलत’ १९२९ ची. पुढे ‘अटकेपार’, ‘कलंकशोभा’, ‘प्रवासी’ आणि कितीतरी. राजकीय घडामोडींवरच्या कादंबऱ्याही त्यांनी लिहिल्या, हे मी विसरलेले नाही. तरीही मला पुष्कळदा वाटते की ही एकच कादंबरी आहे आणि तिचे सत्तर भाग आहेत. एका भागातील नायिका उठून दुसऱ्या भागात जाऊन बसली तर तिला स्वतःलाही ते उमगणार नाही. चहा तोच, ओसरी तीच, पाऊस तोच. मी हे थट्टेने म्हणते आहे, पण हे म्हणण्यासाठी ते सारे भाग वाचावे लागतात, याचीही आपण नोंद घ्यावी. ज्याने एकच वाचला त्याला ही थट्टा करण्याचा अधिकार नाही.

हे सारे लिहिणारा मनुष्य तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. कथेचा आरंभ कसा करावा, गुंतागुंत कोठे वाढवावी, निरगाठ कोठे बसवावी, उकल केव्हा करावी, यांविषयी त्यांची मते घड्याळजीच्या मतांइतकी निश्चित होती आणि ‘प्रतिभासाधन’ या १९३१ च्या ग्रंथात त्यांनी ती शास्त्र सांगावे तशी सांगितली. कलेसाठी कला हा त्यांचा पक्ष. जीवनासाठी कला हा खांडेकरांचा. १९४० साली फडके रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि १९४१ साली खांडेकर सोलापूरच्या. एका पक्षाला एक वर्ष आणि दुसऱ्याला दुसरे, अशी वाटणी मराठी वाचकाने केली म्हणा ना. वाचकाच्या पातळीवर हा वाद मोठा सोपा होता. खांडेकरांचा नायक ध्येयासाठी नायिकेचा त्याग करून खेड्यात जातो. फडक्यांचा नायक नायिकेशी लग्न करून फिरायला जातो. चौदाव्या वर्षी मला दुसऱ्याचे म्हणणे पटत असे.

बाविसाव्या वर्षी मात्र मी पहिल्याच्या बाजूने साक्ष दिली. नागपुरात एम.ए.ला असताना प्रश्नपत्रिकेत फडक्यांच्या कादंबरीवर टीकात्मक प्रश्न आला. मी लिहिले: वास्तवापासून फारकत, उच्च मध्यमवर्गीय रंजनवाद, योगायोगांची रेलचेल, व्यक्तिरेखांचा साचेबंदपणा. त्यासमोर १९६३ ची ‘कोसला’ ठेवली. तेही महाविद्यालयच, पण तेथे टेनिसऐवजी मेसचे जेवण आणि वसतिगृहातील कंटाळा आहे. मराठी कादंबरीतला विद्यार्थी तेथे पहिल्यांदा खराखुरा विद्यार्थी झाला, असे मी म्हटले. यांतले एकही विधान मला आज मागे घ्यावेसे वाटत नाही. गुणही चांगले मिळाले. लबाडी एवढीच झाली की त्या उत्तराची तयारी म्हणून आदल्या रात्री ‘जादूगार’ उघडली होती, ती पहाटे तीनपर्यंत खाली ठेववली नाही. आणि उत्तरपत्रिकेत हे सांगण्याची सोय नव्हती. समीक्षेच्या परिभाषेत ‘मला ती खाली ठेववली नाही’ या वाक्याला जागा नाही. मला तो तिचा दोष वाटतो.

आणखी एक गोष्ट त्या उत्तरात राहून गेली. ‘दौलत’ १९२९ ची. त्याच वर्षी बालविवाह प्रतिबंधक कायदा, म्हणजे आपण ज्याला शारदा कायदा म्हणतो तो, संमत झाला. १ एप्रिल १९३० पासून तो अमलात आला. त्या कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय किती ठरविले? चौदा. आणि चौदा तरी का, म्हणून देशभर केवढा गदारोळ उठला! ज्या समाजात चौदा वर्षांखालील मुलीचे लग्न थांबवणे हा धर्मावर घाला वाटत होता, त्या समाजातील दुपारच्या वाचनात एक वीस वर्षांची मुलगी महाविद्यालयात जाते, परपुरुषाबरोबर चहा घेते, त्याच्याशी वाद घालते आणि नवरा स्वतः निवडते. आणि शंभर पाने रुसून बसण्याचा हक्कही बजावते. हे गुलाबी होते, यात शंका नाही. परंतु त्या काळच्या कोणा मुलीने ते उशीखाली लपवून वाचले असेल, तर लपवण्याचे कारण केवळ शृंगार हे नव्हते.

फडक्यांना याची जाणीव नव्हती, असेही नाही. १९२७ साली त्यांनी ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले. संततिनियमनाचा पुरस्कार करणाऱ्या त्या पुस्तकाला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना आहे. त्यातील सुप्रजाजननाची मते आज वाचवत नाहीत, आणि वाचवू नयेतच. पण बंगल्याची ओसरी आणि चहाचा ट्रे रंगवणारा हाच हात विवाहावर, अपत्यांच्या संख्येवर, स्त्रीच्या शरीरावर उघडपणे लिहीत होता, ही गोष्ट आम्हाला वर्गात कोणी सांगितली नाही. माझी त्यांच्या नायिकेविषयीची तक्रार निराळी आहे. ती शिकते, पण त्या शिक्षणाचे पुढे काय होते, याचा पत्ता लागत नाही. शेवटच्या प्रकरणात लग्न ठरले की तिची पदवी कोठे जाते? मला वाटते, ती त्या गड्याच्या ट्रेवर ठेवून आत पाठवली जाते.

आता अनुवादाकडे येते.

आमच्या शेजारी माझ्या वयाची एक मैत्रीण होती. घरात छत्तीसगढी, शाळेत हिंदी. मराठीचा गंध नाही. सुटीत आम्हां दोघींचा करार असे. ती मला गुलशन नंदांच्या हिंदी कादंबऱ्या देई आणि मी तिला फडके वाचून दाखवीत असे. डोळे मराठी ओळीवर आणि तोंडाने हिंदी. गच्चीच्या जिन्यावर बसून केलेला तो माझा पहिला अनुवाद. मुसळधार पाऊस सहज पार पडे. बंद पडलेल्या मोटारीला भाषेची अडचण नसतेच. अडले ते एका शब्दाशी. नायक काही तरी बोलला आणि नायिका म्हणाली, “इश्श!”

मी थांबले. मैत्रीण म्हणाली, “आगे?” पुढे जाता येईना. प्रथम मी ‘धत्’ म्हणून पाहिले; पण ‘धत्’ म्हणणारी मुलगी हात उगारते, ‘इश्श’ म्हणणारी मान खाली घालते. ‘हाय राम’ म्हटले, तर देव मध्ये आला, आणि त्या ओसरीवर तिसऱ्याला जागा नव्हती. ‘हटो जी’ हे तिने सिनेमात ऐकले होते, पण त्यात नायिका समोरच्याला दूर सारते. ‘इश्श’मध्ये ती कोणाला दूर सारत नाही, उलट आहे तेथेच उभी राहते. मैत्रिणीच्या आजी जात्यापाशी बसल्या होत्या. त्यांना विचारले, तर त्या म्हणाल्या, “ए दाई!” ते फार जवळ आले होते. त्यात आश्चर्य होते, भीती होती, आईला घातलेली हाक होती. पण ‘इश्श’मध्ये भीती नाही, आणि त्या क्षणी नायिकेला आई तर मुळीच नको असते. अखेर आम्ही तो शब्द तसाच ठेवला. तीस वर्षे झाली. मैत्रिणीला मराठीचा आजही एकच शब्द येतो, आणि ती तो भाजीवाल्याने भाव सांगितल्यावर वापरते. मी तिला दुरुस्त करीत नाही.

‘इश्श’ हा शब्द निदान दिसतो तरी. त्याहून बिकट अडचण मला पुष्कळ पुढे उमगली, ती सर्वनामांची. फडक्यांच्या कादंबरीत प्रेमाचे मोजमाप सर्वनामांनी होते. ‘आपण’पासून आरंभ होतो, साठ-सत्तर पानांनी ‘तुम्ही’ येते आणि एखाद्या सायंकाळी नायकाच्या तोंडून ‘तू’ निसटते. निसटलेल्या त्या ‘तू’वर नायिका अर्धे पान विचार करते, आणि मराठी वाचकही करतो. हिंदीतही आप, तुम, तू अशा तीन पायऱ्या आहेत; म्हणून वाटते की काम सोपे आहे. ते तसे नाही. हिंदीतला सुशिक्षित प्रियकर ‘तुम’वर येतो आणि तेथेच मुक्काम करतो. त्याने एकदम ‘तू’ म्हटले, तर एक तर भांडण सुरू झाले, किंवा भजन. म्हणजे मराठीतला कळसाचा क्षण हिंदीत एक पायरी अलीकडे आणून ठेवावा लागतो, आणि मग तिथपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या पुन्हा मोजाव्या लागतात. इंग्रजीविषयी तर बोलायलाच नको. तेथे पहिल्या भेटीपासून विवाहापर्यंत एकच सर्वनाम. अनुवादकाने नायिकेला अर्धे पान विचार करायला लावावे तरी कशावर?

हलक्याफुलक्या पुस्तकांचा अनुवाद हलका असतो, असा समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. आज मी जी पुस्तके मराठीत आणते, त्यांत माती, पाणी, रोगराई, धरणे असे विषय असतात. त्यांत नायक नसतो. असलाच तर तो गांडूळ असतो, आणि गांडूळ कोणाला ‘तू’ म्हणत नाही. तेथे एका संज्ञेला एक प्रतिशब्द ठरवला की शेवटपर्यंत तो चालतो. मात्र त्या कामात माझे जे वाक्य बरे उतरते, ते कोठून आले हे मला ठाऊक आहे. फडक्यांचे वाक्य स्वच्छ असते. कर्ता कोठे, क्रियापद कोठे, हे शोधत फिरावे लागत नाही. एका वाक्यात ते एकच काम करतात आणि पुढच्या वाक्याला वाट करून देतात. हिंदीने वेढलेल्या घरात मराठी वाक्याचा हा साचा माझ्या कानात बसला, तो व्याकरणाच्या पुस्तकाने नव्हे. पुढे काय होते हे जाणून घेण्याच्या अधीरतेने. गांडुळावरच्या प्रकरणात ती अधीरता कशी आणावी, हे अजून मला साधलेले नाही.

फडक्यांना निदान टीकाकार तरी लाभले. चंद्रकांत काकोडकरांना ते भाग्यही मिळाले नाही. त्यांना न्यायाधीश लाभले. काकोडकर म्हटले की आपल्यापैकी काही जणांच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू येते, ते मला येथून दिसते आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ ही कथा आली, तीवर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरविले. तो निकाल मी मुद्दाम वाचला, आणि सर्वांनी वाचावा असे सुचवते. कारण साहित्याविषयी इतके समंजस लेखन साहित्यिकांकडूनही क्वचित होते. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा: कथा वाङ्मयीन दृष्ट्या उच्च दर्जाची नाही, अपरिपक्व आहे, अभिरुचीहीनही आहे, पण ती वाचून कोणाची नीती बिघडेल, असे तीत काही आढळत नाही. नुसत्या शृंगाराच्या उल्लेखालाच अश्लील म्हणायचे झाले, तर धर्मग्रंथांवाचून दुसरे काही विकता येणार नाही. लेखक सुटला, आणि सुटता सुटता त्याच्या कथेवर अभिप्रायही मिळाला. मला वाटते, निकाल ऐकून काकोडकरांना आनंद आणि राग एकदमच आला असावा. गंमत पाहा, त्याच १९६९ साली राज खोसलांनी काढलेला ‘दो रास्ते’ हा चित्रपट काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ या कादंबरीवर आधारलेला आहे. माझी शेजारची मैत्रीण ‘दो रास्ते’मधले सारे प्रसंग तोंडपाठ सांगत असे. ती गोष्ट मूळची मराठी, हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “फिर इसमें इश्श क्यों नहीं है?”

आता जे सांगायचे आहे ते सांगणे मला जड जाते. आपल्या शहरातील एका वाचनालयाचे नाव मी घेत नाही. काही वर्षांपूर्वी तेथे मराठी कपाटे कमी करण्याचे ठरले. जागा थोडी, वाळवी फार, वाचक विरळ. कारणे खोटी नव्हती. कोणती पुस्तके ठेवावीत आणि कोणती काढावीत, हे मराठीची एम.ए. झालेल्या व्यक्तीने ठरवावे, असे ठरले, आणि ती व्यक्ती मी होते. माझ्या हाती यादी आणि लाल पेन्सिल देण्यात आली. ज्ञानेश्वरीच्या प्रती, चरित्रे, खांडेकर, पेंडसे, ‘कोसला’ यांपुढे मी बरोबरची खूण केली. फडक्यांची एक ओळ, काकोडकरांची दीड ओळ आणि त्यांच्याबरोबरची इतर शृंगारिक मंडळी यांवर फुल्या मारल्या. उत्तरपत्रिकेतले तेच वाक्य मी पुन्हा एकदा, या वेळी पेन्सिलीने, लिहिले.

दोन-तीन दिवसांनी काही कामासाठी मी त्या कपाटापाशी गेले आणि सहज पुस्तकांच्या मागे चिकटवलेले तारखांचे कागद पाहू लागले. ज्यांच्यापुढे मी बरोबरची खूण केली होती, त्यांच्या कागदांवर कित्येक वर्षांत दोन-चार शिक्के. ज्यांच्यावर फुली मारली होती, त्यांचा कागद भरून त्यावर दुसरा चिकटवलेला. अलीकडचे शिक्केही त्यावरच होते. मी नोंदवही मागून घेतली. विशीच्या आतल्या ज्या थोड्या मुलींनी गेल्या काही वर्षांत मराठी पुस्तक घरी नेले होते, त्यांनी नेले ते याच ओळींतले. एवढ्या दूर, हिंदीच्या मधोमध राहणाऱ्या मुलीला मराठी वाचायला लावण्याची शक्ती ज्ञानेश्वरीत नाही, असे मी म्हणत नाही. पण ज्ञानेश्वरीपाशी पोचण्याआधी तिला मराठी वाचता यावे लागते. मी धावत जाऊन फुल्या खोडल्या. फडके बचावले, तेही निम्मेच. काकोडकर आदल्या सायंकाळी हातगाडीवर चढून रद्दीच्या दुकानात गेले होते. दुकानात जाऊन पाहिले. तेथे शेंगदाण्याच्या पुड्या बांधण्याचे काम जोरात चालू होते.

उरलेल्या पुस्तकांतले एक मी आज सोबत आणले आहे. त्याला मुखपृष्ठ नाही, आरंभीची काही पाने नाहीत, आणि शेवटची तर वाळवीने नेली आहेत. गेल्या महिन्यात एक पंधरा वर्षांची मुलगी हे घेऊन माझ्याकडे आली. पुस्तक तिने पाहिले होते आणि जेथे ते संपत नाही तेथपर्यंत वाचले होते. तिला पुढचे हवे होते.

मी म्हटले, “पुढे काय, लग्न होते त्यांचे.”

ती माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागली की मी एम.ए. झाले आहे यावर तिचा विश्वास बसेना. म्हणाली, “आंटी, ते तर मला पण मालूम आहे. पण कसं होते?”

मला सांगता आले नाही. पावसाची खूण पाहिली, मोटारीची पाहिली, चुकीच्या हाती पडलेल्या पत्राची पाहिली. या खुणांवरून फडक्यांची कादंबरी ओळखायला निघणे म्हणजे सोनेरी काठावरून लग्नातली बाई ओळखण्यासारखे आहे. ज्या तीन ज्येष्ठ वाचकांना मी हे दाखवले, त्यांनी तीन निरनिराळी नावे सांगितली आणि तीन निरनिराळे शेवट. तिन्हींत लग्न होते. परंतु पत्र एकात आत्याला सापडते, दुसऱ्यात टपालवाला परत आणतो, तिसऱ्यात ते जळते. मुलीला मी तिन्ही सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली की हे तिन्ही त्या नायिकेला शोभत नाहीत. ती असे करणार नाही.

तेव्हा माझी विनंती आहे. व्याख्यानानंतर हे पुस्तक त्या मेजावर ठेवते. ज्यांनी तरुणपणी फडके वाचले आहेत त्यांनी, आणि ज्यांनी मुळीच वाचले नाहीत असे ते म्हणतात त्यांनीही, ते जरा चाळून पाहावे. पृष्ठ सत्तेचाळीसवर नायिकेची साडी फिकट जांभळी आहे. कोणाला त्यावरून आठवले तर फार बरे. घरी प्रत असेल, माळ्यावर, पेटीच्या तळाशी, लुगड्यांखाली, तर येत्या रविवारी सकाळी दहापर्यंत आणून द्यावी. ती मुलगी साडेदहाला येणार आहे.